टोल्यांचा हिशेब

गोल्फ हा शब्द उच्चारला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. विस्तीर्ण हिरवें मैदान, त्यावर सावकाश फिरणारे एखादे निवृत्त साहेब, त्यांच्यामागून दांड्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा पोऱ्या, आणि सायंकाळीं क्लबाच्या व्हरांड्यांत चहा. हें चित्र अगदींच खोटें नाहीं. ब्रिटिश बेटांच्या बाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब आपल्याच देशांत, कलकत्त्यास, १८२९ सालीं निघाला. आणि साहेबी थाटाचा जो शिक्का या खेळावर तेव्हां बसला तो अजूनहि पुरता पुसला गेलेला नाहीं. त्यामुळें या खेळावर उपजीविका करणारीं माणसें जगांत आहेत, आणि त्यांची मिळकत एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पिकाइतकीच बेभरंवशाची असूं शकते, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

आज मी आपणांस अशाच एका धंदेवाईक खेळाडूची हकीकत सांगणार आहें. त्याचें नांव कामिलो व्हियेगास. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत, मेदेयीन शहरीं, ७ जानेवारी १९८२ रोजीं त्याचा जन्म झाला. अमेरिकेंतील धंदेवाईक गोल्फपटूंच्या ज्या मुख्य स्पर्धामालिकेला पी. जी. ए. टूर म्हणतात, तींत विजय मिळविणारा तो पहिला कोलंबियन होय. २००६ पासून २०२३ पर्यंत त्यानें तेथें पांच विजय मिळविले. अठरा वर्षांत पांच! श्रोतेहो, हा आंकडा ऐकून आपण म्हणाल कीं यांत एवढें सांगण्यासारखें काय आहे? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं प्रथम खेळाविषयीं आणि मग धंद्याविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत.

खेळ दिसावयास अत्यंत साधा आहे. मुलें गोट्या खेळतांना जमिनींत गल करतात, तशीच एक गल, सव्वाचार इंच रुंदीची, मऊ कापलेल्या हिरवळीवर केलेली असते. ती कधीं दीडशें यार्डांवर, तर कधीं पांचशें यार्डांच्याहि पलीकडे. चेंडू दांडीनें टोलवीत न्यावयाचा आणि होतां होईल तों थोड्या टोल्यांत गलींत घालावयाचा. वाटेंत झाडें, तळीं आणि वाळूचे खड्डे मुद्दाम ठेवलेले असतात. अशा अठरा गली पुऱ्या झाल्या म्हणजे एक फेरी झाली. प्रत्येक गलीसाठीं निष्णात खेळाडूला किती टोले लागावेत याचा एक ठरीव आंकडा असतो. त्याला ‘पार’ म्हणतात. संबंध फेरीचा पार बहुधा सत्तर ते बहात्तर भरतो. त्यांत मौज अशी कीं प्रत्येक गलीच्या पारांतले दोन टोले हिरवळीवर चेंडू हळूच लोटण्यासाठीं धरलेले असतात. म्हणजे अडीचशें यार्डांची झेप घेणारा टोला आणि हातभर अंतरावरून अलगद लोटलेला टोला, या दोहोंची किंमत हिशेबांत सारखीच. बाहुबल आणि बोटांतली नाजूक जाण यांना एकाच तागडींत तोलणारा असा दुसरा खेळ क्वचितच सांपडेल.

आतां धंद्याकडे वळूं. धंदेवाईकांची स्पर्धा सामान्यतः गुरुवारीं सुरू होऊन रविवारीं संपते. दररोज एक अशा चार फेऱ्या. मोठ्या स्पर्धेंत सुमारें दीडशें खेळाडू उतरतात. शुक्रवारीं सायंकाळीं दोन फेऱ्यांचे टोले मोजून त्यांतील निम्म्याअधिकांना घरीं पाठविण्यांत येतें. या छाटणींत जो सांपडला त्याला त्या आठवड्याची दमडीहि मिळत नाहीं. प्रवासाचा, मुक्कामाचा आणि पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा खर्च मात्र पदरचा. उरलेल्यांत बक्षिसाची रक्कम उतरत्या प्रमाणानें वांटली जाते, आणि जिंकतो तो एकटाच. क्रिकेटमध्यें दोन संघांपैकीं एक हरतो. येथें दर आठवड्याला एक जिंकतो आणि जवळजवळ दीडशें हरतात. शिवाय वर्षाअखेर ठराविक क्रमांकाच्या आंत जो राहिला नाहीं त्याचा पुढील वर्षाचा खेळण्याचा हक्कच जातो. एक विजय मात्र हा हक्क निदान दोन वर्षें तरी शाबूत ठेवतो. म्हणून गोल्फपटूच्या आयुष्यांत विजयाचें मोल बक्षिसाच्या थैलीहून मोठें असतें. अशा पांच थैल्या ज्याच्या नांवावर आहेत तो मनुष्य सामान्य नव्हे, हें आतां आपल्या ध्यानीं आलें असेल.

मेदेयीन हें शहर अँडीज पर्वताच्या एका अरुंद दरींत, समुद्रसपाटीपासून सुमारें पांच हजार फूट उंचीवर वसलें आहे. कापडाच्या गिरण्यांनीं तें एकेकाळीं भरभराटीला आलें. तेथील हवा बारमास इतकी सुखद कीं लोक त्याला नित्य वसंताचें शहर म्हणतात. परंतु व्हियेगास जेथें लहानाचा मोठा झाला तो काळ वसंताचा नव्हता. कोकेनच्या चोरट्या व्यापारावर गबर झालेल्या पाब्लो एस्कोबारच्या टोळीनें त्या शहरांत खून आणि बॉम्बस्फोट यांचा कहर मांडला होता. १९९३ च्या डिसेंबरांत एस्कोबार छाप्यांत मारला गेला, तेव्हां हा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याचे आईवडील दोघेहि वास्तुशिल्पाच्या व्यवसायांतले. घरची स्थिति चांगली. कोलंबियांत गोल्फ हा सुखवस्तु लोकांच्या क्लबांचा खेळ होता, आणि त्या क्लबाची दारें या मुलाला उघडीं होतीं. दारिद्र्यांतून वर आलेल्या वीराची ही कथा नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. परंतु त्या काळीं कोलंबियन तरुणाला या खेळांत जगाच्या पाठीवर नांव कमवितां येईल असा दाखला डोळ्यांपुढें नव्हता, हेंहि तितकेंच खरें.

शालेय शिक्षण संपवून तो अमेरिकेंत फ्लॉरिडा विद्यापीठांत दाखल झाला. त्या विद्यापीठाच्या संघानें २००१ सालीं अमेरिकेंतील आंतरविद्यापीठ अजिंक्यपद पटकावलें, आणि पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी असलेला व्हियेगास त्या संघांत होता. अंगानें तो सडपातळ, उंचीनें साडेपांच फुटांहून थोडा अधिक. चेंडू लांब टोलविणाऱ्या धिप्पाड अमेरिकन सोबत्यांपुढें आपला टोला तोकडा पडतो, हें त्याला लौकरच कळून चुकलें. तेव्हां त्यानें व्यायामाची कांस धरली आणि अंगांत असें बळ आणलें कीं पुढें कसलेल्या शरीराबद्दल त्याची सर्वत्र ख्याति झाली. २००४ सालीं व्यापारशास्त्राची पदवी घेऊन तो धंद्यांत उतरला. वर्षभर दुय्यम दर्जाच्या स्पर्धांत उमेदवारी करून २००६ सालीं त्यानें मुख्य मालिकेंत पाऊल टाकलें.

त्या पहिल्याच वर्षीं लोकांचें लक्ष त्याच्याकडे वेधलें तें एका चमत्कारिक आसनामुळें. हिरवळ दिसावयास सपाट असली तरी तिला सूक्ष्म चढउतार असतात, आणि चेंडू कोणत्या बाजूला वळेल हें ओळखण्यासाठीं खेळाडू खालीं बसून गलीकडे नजर लावतात. व्हियेगासला एवढ्यानें समाधान होईना. तो एक पाय दुमडून, दुसरा लांब पसरून, सर्व शरीर जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवें तोलून धरी आणि डोळे गवताच्या पातळीला नेऊन चढउतार निरखी. प्रेक्षकांनीं त्याला ‘स्पायडरमॅन’, म्हणजे कोळ्यासारखा माणूस, असें टोपणनांव दिलें. कांहींना तो नटवेपणा वाटला. पण त्यामागें विचार होता: अर्धा पार ज्या हिरवळीवर खर्च होतो, तिची ओळख जितकी जवळून करून घ्यावी तितकी थोडीच.

२००७ सालीं त्यानें जपानांत टोकाई क्लासिक ही स्पर्धा जिंकली. पण अमेरिकेंतील विजय त्याला हुलकावणी देत होता. तो आला २००८ च्या सप्टेंबरांत. सेंट लुई येथील बी. एम्. डब्ल्यू. अजिंक्यपद त्यानें जिंकलें, आणि तीनच आठवड्यांनीं अटलांटा येथील ईस्ट लेकच्या मैदानावर वर्षाखेरची टूर चँपियनशिपहि. या दुसऱ्या स्पर्धेंत अखेरच्या दिवशीं सकाळीं तो पांच टोल्यांनीं मागें होता. सायंकाळीं स्पेनच्या सर्जियो गार्सियाशीं त्याची बरोबरी झाली, आणि निकालासाठीं जी जादा गल खेळावी लागली ती त्यानें एका टोल्यानें मारली. पहिले दोन विजय असे पाठोपाठ आले! तरीहि सबंध मोसमाचा फेडेक्स कप त्याला मिळाला नाहीं. तो मिळाला फिजी बेटांतील भारतीय वंशाच्या विजय सिंग याला. कारण आधींच्या स्पर्धांत त्यानें इतके गुण सांठविले होते कीं शेवटची स्पर्धा खेळून पुरी करणें एवढेंच त्याच्याकडे उरलें होतें. व्हियेगास दुसरा आला. लागोपाठ दोनदां जिंकूनहि दुसरा! हिशेबाच्या बाबतींत हा खेळ असा निष्ठुर आहे.

याच सुमारास जगाच्या क्रमवारींत तो सातव्या क्रमांकापर्यंत चढला. २०१० च्या मार्चमध्यें फ्लॉरिडांतील होंडा क्लासिक त्यानें पांच टोल्यांच्या फरकानें जिंकली. आदल्या वर्षींच्या विजेत्यांसाठीं तेव्हां जानेवारींत हवाई बेटांत एक खास स्पर्धा होत असे. तिचें आमंत्रण या विजयामुळें त्याला मिळालें, आणि तेथेंच २०११ सालीं ती प्रसिद्ध घटना घडली.

चढावर मारलेला त्याचा चेंडू माथ्यावर न ठरतां उतारावरून त्याच्याच दिशेनें परत घरंगळत येऊं लागला. टोल्यानें उखडलेला गवताचा एक तुकडा तेथें पडला होता. व्हियेगासनें सहज हातासरशीं तो दांडीनें बाजूस सारला. नियम असा आहे कीं चेंडू चालत असतांना त्याच्या मार्गावर परिणाम होईल अशी वस्तु हलवूं नये. हलविल्यास दोन टोल्यांचा दंड. ही चूक ना त्याच्या लक्षांत आली, ना सोबत्यांच्या. आली ती दूरदर्शनवर खेळ पाहणाऱ्या एका प्रेक्षकाच्या! त्यानें ती कळविली तोंवर फेरी संपली होती.

आतां यांतलें मर्म पाहा. या खेळांत प्रत्येक खेळाडूच्या मागें पंच फिरत नाहीं. खेळाडू एकमेकांचे टोले मांडतात आणि फेरीनंतर जो तो आपला कागद तपासून त्यावर सही करतो. ती सही म्हणजे एक प्रकारची शपथच. दंडाचे दोन टोले न धरतां व्हियेगासनें सही केली होती. म्हणजे नियमाच्या दृष्टीनें त्यानें खोटा हिशेब दिला होता. दुसऱ्या दिवशीं त्याला स्पर्धेंतून बाद करण्यांत आलें. त्यानें वाद घातला नाहीं, कोणावर राग काढला नाहीं; नियम तो नियम, म्हणून निकाल मान्य केला. नकळत झालेल्या चुकीला एवढी शिक्षा असावी काय, यावर पुढें पुष्कळ चर्चा झाली. अखेर २०१८ पासून प्रेक्षकांच्या तक्रारी विचारांत घ्यावयाच्या नाहींत, आणि ज्या दंडाची खेळाडूला कल्पनाच नव्हती त्यापायीं सहीची जादा शिक्षा द्यावयाची नाहीं, असें नियमकर्त्यांनीं ठरविलें. व्हियेगासला अर्थात् त्याचा कांहींच उपयोग नव्हता.

त्यानंतर त्याच्या खेळाला उतरती कळा लागली. जो मनुष्य जगांत सातवा होता तो छाटणींत सांपडूं लागला. २०१४ च्या ऑगस्टमध्यें ग्रीन्सबरो येथील विंडम स्पर्धेंत शेवटच्या दिवशीं ६३ टोल्यांची सुरेख फेरी खेळून त्यानें चौथा विजय मिळविला, तेव्हां ग्रहण सुटलें असें वाटलें. पण तें सुटलें नव्हतें. पुढील वर्षें पूर्वींपेक्षांहि कठीण गेलीं. खांदा दुखावला आणि खेळ कित्येक महिने बंद ठेवावा लागला. दरम्यान २०१८ सालीं त्याला कन्यारत्न झालें. तिचें नांव मिया.

२०२० च्या आरंभीं, मिया दीड वर्षाचीहि झाली नव्हती तेव्हां, तिच्या मेंदूंत आणि पाठीच्या कण्यांत गांठी असल्याचें निदान झालें. शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार झाले. त्याच वर्षीं साथीमुळें सर्व जग दारें लावून बसलें होतें, आणि हें कुटुंब इस्पितळाच्या वाऱ्या करीत होतें. आपल्या मुलीच्या दुखण्याविषयीं व्हियेगास वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींशीं जाहीरपणें बोलला. सहखेळाडूंनीं तिच्यासाठीं इंद्रधनुष्याच्या रंगांच्या फिती टोपीला लावल्या. २६ जुलै २०२० रोजीं मियानें प्राण सोडला. ती बावीस महिन्यांची होती.

या प्रसंगावर अधिक बोलण्याचा मला अधिकार नाहीं. त्यानंतर आईवडिलांनीं काय केलें तेवढें सांगतों. मियाच्या नांवानें त्यांनीं एक संस्था चालविली. आजारी मुलांच्या कुटुंबांना ती मदत करते आणि इंद्रधनुष्य हें तिचें चिन्ह आहे. २०२१ च्या अखेरीस त्यांना मुलगा झाला. आणि व्हियेगास पुन्हां खेळूं लागला. पुन्हां खेळूं लागला म्हणजे पुन्हां हरूं लागला. मुख्य मालिकेचा पूर्ण हक्क गेलेला. जुना विजेता म्हणून जेथें जागा मिळेल तेथें खेळावयाचें, एरव्हीं दुय्यम स्पर्धांत आपल्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर उभें राहावयाचें. चाळिशी उलटली, क्रमवारींत तो साडेसहाशेंच्याहि पलीकडे घसरला. या स्थितींत त्यानें आपला टोला मुळापासून नव्यानें घडविण्यास घेतला. उताराला लागलेल्या खेळाडूला याहून धोक्याचा निर्णय दुसरा नाहीं, कारण जुनें मोडतें आणि नवें बसेलच अशी हमी नसते.

२०२३ च्या नोव्हेंबरांत मेक्सिकोंतील एका स्पर्धेंत तो अनपेक्षितपणें दुसऱ्या क्रमांकावर आला. पुढच्याच आठवड्यांत स्पर्धा होती अटलांटिक महासागरांतील बर्म्युडा बेटावर. पहिली फेरी ६७, दुसरी ६३, तिसरी ६५. रविवारीं, १२ नोव्हेंबरला, स्वीडनच्या अलेक्स नोरेनच्या जोडीनें तो अखेरची फेरी खेळावयास निघाला आणि पुन्हां ६५ टोल्यांत परत आला. एकूण २६०, म्हणजे पारापेक्षां २४ कमी. नोरेन दोन टोल्यांनीं मागें राहिला. नऊ वर्षांहून अधिक काळानें मिळालेला हा पांचवा विजय. विजयानंतर बोलतांना त्यानें आपल्या मुलीची आठवण काढली. तो तेव्हां एकेचाळीस वर्षांचा होता. या विजयानें दोन वर्षांचा हक्क परत मिळाला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्यें ऑगस्टा येथील सुप्रसिद्ध मास्टर्स स्पर्धेचें दार, २०१५ नंतर बंद झालेलें, पुन्हां उघडलें.

श्रोतेहो, अशा कथेचा शेवट गोड करून सांगण्याचा मोह होतो. दुःख सोसल्याचें फळ देवानें दिलें, असें म्हणावेंसें वाटतें. मला तें म्हणवत नाहीं. चेंडूला माणसाचें दुःख कळत नाहीं, आणि त्या आठवड्यांत जे हरले त्यांच्याहि घरीं कांहीं ना कांहीं दुःख असेलच. बर्म्युडाला व्हियेगास दोन टोल्यांनीं हरला असता तरी तो तोच मनुष्य राहिला असता. मला महत्त्वाची वाटते ती त्याआधींची तीन वर्षें. शुक्रवारीं सायंकाळीं पिशवी भरून निघावयाचें आणि पुढच्या गुरुवारीं पुन्हां पहिल्या गलीपाशीं उभें राहावयाचें, हा क्रम त्यानें सोडला नाहीं. ज्या मनुष्यानें नकळत झालेल्या चुकीचा दंड हूं कीं चूं न करतां भरला, त्यानें पराभवांचा हिशेबहि तसाच, एकेक टोला मांडून, स्वतःच्या सहीनिशीं दिला.

त्याच्या चालण्यानें पडलेली वाट आतां मोकळी झाली आहे. २०१९ सालीं बोगोटाच्या सेबास्तियान मुन्योसनें मिसिसिपींत स्पर्धा जिंकली. या मालिकेंत जिंकणारा तो दुसरा कोलंबियन. २०२३ सालीं पोर्टो रिकोंत आणि २०२४ सालीं जपानांत जिंकला निकोलास एचाव्हारिया, तो तर व्हियेगासच्याच गांवचा. मेदेयीनच्या ज्या मुलांच्या लहानपणीं टी. व्ही. वर कोळ्यासारखा आडवा होऊन हिरवळ निरखणारा आपल्याच गांवचा माणूस दिसत होता, त्यांना दाखला शोधीत बसावें लागलें नाहीं.

यापुढें सोमवारीं सकाळीं वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत गोल्फच्या एखाद्या स्पर्धेचा निकाल आपल्या दृष्टीस पडेल, तेव्हां पहिलें नांव वाचून पान उलटूं नका. जागा असली तर तेथें खालीं बारीक टाइपांत नांवांची लांबलचक यादी छापलेली असते. त्यांतलें प्रत्येक नांव पुढच्या गुरुवारीं पुन्हां पहिल्या गलीपाशीं उभें राहणार असतें.